स्थळप्रत

जुन्या वस्तूंविषयीं कोणी आपुलकीनें बोलूं लागला कीं, ऐकणारे त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहतात आणि समजूतदारपणें मान हालवितात. तेव्हां प्रारंभींच एक कबुली देऊन टाकलेली बरी. ज्या दुकानाविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक तोडण्याचें पुण्यकर्म वीस वर्षांमागें आमच्याच हातून घडलेलें आहे. आणि तें करतांना आम्हांस यत्किंचितहि वाईट वाटलें नव्हतें.

दुकान साताऱ्यास, न्यायकचेरीकडे जाणाऱ्या एका वाटेवर, जुन्या घराच्या ओसरीवर आहे. दुकान म्हणावयाचें तें वर पाटी आहे म्हणून; एरवीं दोन टेबलें, तीन टंकलेखन यंत्रें, गिऱ्हाइकांसाठीं एक बाक आणि मागच्या भिंतीशीं छतापर्यंत गेलेलें फडताळ, एवढाच सगळा संसार. मालकांच्या वडिलांनीं तें १९५२ सालीं उघडलें. त्यांच्यामागें तें चालविणारे त्यांचे चिरंजीव आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. सारी कचेरी त्यांना अण्णा म्हणते. आम्हीहि तसेंच म्हणतों. समोरच्या बाजूस संगणकाचीं चार दुकानें झालीं आहेत. तेथें छायाप्रति निघतात, सातबाऱ्याचे उतारे निघतात, सरकारचे नाना तऱ्हेचे अर्ज तारेवांचून दूर देशीं पोंचतात. अण्णांच्या ओसरीवर यांपैकीं कांहींएक होत नाहीं. तेथें कागद यंत्रांत घालतात, आणि टाइप फितीवर आपटून त्याचा ठसा कागदावर उमटतो.

असें असून त्यांच्याकडे येतें तरी कोण, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. जाड वहींतील छापील रकाने भरून घेणारे येतात, कारण ती वही संगणकाच्या छापयंत्रांत शिरत नाहीं. कांहीं जुने वकील येतात. पण खरी गर्दी असते ती आपली हकीकत नुसती तोंडानें सांगणाऱ्यांची. खेड्यांतून आलेली एखादी म्हातारी बाकावर बसून सुनेपासून सुरुवात करते, मधेंच बांधावरच्या आंब्याकडे वळते, डोळे पुसते, आणि पाऊण तासानें तलाठ्यापाशीं येऊन थांबते. अण्णा तोंवर एक अक्षरहि उठवीत नाहींत. मग कागद घालतात आणि "अर्जदार सदर गांवची कायम रहिवासी असून" येथून आरंभ करून तीन परिच्छेदांत सारें प्रकरण बसवितात; सुनेला त्यांत जागा नसते. गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत सारांशलेखन शिकवीत आहों. आमच्या एकाहि विद्यार्थ्यास तें इतकें साधलेलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि नाहीं.

या यंत्राचा इतिहास आमच्या पिढीस ठाऊक असावयास हवा होता, पण तें हाताशीं होतें तोंपर्यंत त्याची चौकशी करण्याचें कोणाला सुचलें नाहीं. अमेरिकेंतील ख्रिस्तोफर शोल्स यानें आपल्या सोबत्यांसह १८६८ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि १८७४ पासून बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें तें बाजारांत आणलें. पहिल्या यंत्रांत फक्त मोठीं अक्षरें होतीं, आणि टाइप खालून उठून रुळाच्या पोटाशीं आदळत असल्यामुळें आपण काय लिहिलें हें लिहिणाराला कांहीं ओळी पुढें गेल्यावरच दिसे. इंग्रजीची सव्वीस अक्षरें या सांच्यांत सुखानें बसलीं. आमच्या देवनागरीची मात्र तेथें मोठी ओढाताण झाली. कळा सगळ्या पंचेचाळीसच्या आसपास आणि प्रत्येक कळीवर खुणा दोन, म्हणजे कसेंबसें नव्वदाच्या घरांत काम भागवावयाचें. आणि इकडे तर अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या, रफार यांचें हें एवढें थोरलें एकत्र कुटुंब! तेव्हां युक्ति अशी काढली कीं, ख, भ, ण, श हीं अक्षरें अर्धींच ठेवावीं आणि पुढें काना मारून पुरीं करावीं. कांहीं कळा अशा केल्या कीं, त्या दाबल्या तरी गाडा जागचा हालत नाहीं. ऱ्हस्व इकाराची तऱ्हा तर और आहे. तोंडानें 'कि' म्हणतांना क आधीं आणि इ मागाहून येते. बोटांना मात्र वेलांटी आधीं द्यावी लागते आणि व्यंजन नंतर. अण्णा म्हणतात कीं, शिकाऊ मुलाच्या हाताला ही उलटापालट एकदां बसली कीं, तो मनांतल्या मनांत बोलणेंहि तसेंच करूं लागतो. यांत थट्टा किती आणि अनुभव किती हें आम्हांस कळलेलें नाहीं.

या अडचणीपायीं यंत्राला लिपीजोगतें करण्याऐवजीं लिपीलाच यंत्राजोगती करावी, असें म्हणणारे थोर लोकहि आपल्याकडे झाले. सावरकरांनीं अ-ची बाराखडी पुरस्कारिली, तिचें एक कारण छापखान्यांतील आणि यंत्रांतील खुणा कमी कराव्या हें होतेंच. १९५३ सालीं लखनौस भरलेल्या परिषदेंत ऱ्हस्व इकार उजवीकडे नेण्याचें ठरलें. पण तें लोकांच्या पचनीं पडलें नाहीं आणि कांहीं वर्षांतच मागें घ्यावें लागलें. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं मराठींतील न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यायोगें टंकलेखकांचे कष्ट पुष्कळ वांचले असतील. आम्ही स्वतः ते अजून देतों. याबद्दल आमचे विद्यार्थी हंसतात, आणि अण्णा "सर, तुमच्या कागदाला फीत जास्त लागते" असें म्हणून दुप्पट आकार सांगण्याचा धाक घालतात. असो.

अण्णांच्या तीन यंत्रांपैकीं इंग्रजी यंत्र रेमिंग्टनचें आणि दोन मराठी यंत्रें गोदरेजचीं आहेत. गोदरेज आणि बॉइस या कंपनीनें १९५५ सालीं मुंबईंत भारतीय बनावटीचें टंकलेखन यंत्र तयार केलें, तेव्हां स्वतंत्र देशाच्या कर्तबगारीचें चिन्ह म्हणून त्याचें कौतुक झालें होतें. पुढें २००९ सालीं कंपनीनें हीं यंत्रें करणें बंद केलें. शेवटीं शेवटीं हें काम शिरवळच्या कारखान्यांत चाले. म्हणजे पुण्यास जातां-येतां ज्याच्यावरून आम्ही शेंकडों वेळां गेलों, त्या गांवीं. २०११ सालीं जगांतील शेवटचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना बंद पडला अशी बातमी विलायतेच्या पत्रांतून झळकली. ती पुरती खरी नव्हती, कारण इतरत्र थोडींबहुत यंत्रें मिळत होतींच. पण अण्णांनीं तें कात्रण जपून ठेवलें आहे. सुटे भाग आतां मेलेल्या यंत्रांतून काढावे लागतात. टेबलाखालीं अशा तीन-चार यंत्रांचे सांगाडे पडलेले असतात, आणि त्यांतून एखादी कमान, एखादा स्क्रू निघाला कीं अण्णांना बाजारांत स्वस्त भाजी मिळाल्याचा आनंद होतो.

आतां आमच्या पुण्यकर्माकडे वळूं. आम्ही १९९४ सालीं महाविद्यालयांत लागलों, तेव्हां सहामाही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका अण्णांकडे होत असत. यंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर टाइप उठवावयाचे. त्या ठिकाणीं मेण कापलें जाई, आणि मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून हवे तितके ठसे काढावयाचे. चूक झाली तर गुलाबी रंगाचें एक उग्र वासाचें औषध लावून तें भोंक बुजवावें लागे. प्रश्नपत्रिका चालूं असतां ओसरीचें दार बंद असे. काम संपल्यावर बिघडलेले मेणकागद अण्णा आमच्या देखत घमेल्यांत जाळीत आणि राख काडीनें ढवळीत. त्यांचा मुलगा आमच्याकडे कलाशाखेंत आला त्या वर्षीं, आम्ही कागद घेऊन गेलों असतां, त्यांनीं पाकीट न उघडतां परत दिलें. "तीन वर्षें हें काम दुसरीकडे द्या," एवढेंच म्हणाले. ती तीन वर्षें काम पुण्याहून करवून आणलें, आणि मुलगा पदवीधर झाल्यावर तें पुन्हां अण्णांकडे आलें.

२००४ सालीं महाविद्यालयाच्या खरेदी-समितींत आमची नेमणूक झाली. नव्या कामाच्या उत्साहानें आम्हीं एक पांच पानी टिपण केलें, त्यांत खर्चाचे आकडे मांडले, काळाच्या बरोबर राहण्याची आवश्यकता प्रतिपादिली, आणि चार संगणक व एक छापयंत्र घेण्याची शिफारस केली. तें टिपण आम्हीं अण्णांकडूनच टाइप करवून घेतलें, हें आज लिहितांनाहि कानाच्या पाळ्या गरम होतात. त्यांनीं तें नेहमींप्रमाणें व्यवस्थित करून दिलें, एके ठिकाणीं बेरीज चुकली होती ती दाखविली, आणि आकार घेतला. समितीचा ठराव झाल्यावर आम्ही सांगावयास गेलों तेव्हां म्हणाले, "बरें झालें, सर. डोळेहि आतां पूर्वींसारखे राहिले नाहींत." महिनाअखेर त्यांचें शेवटचें बिल आलें; त्यांत महाविद्यालयाच्या पैशांनीं आणलेले पण न वापरलेले मेणकागद वजा केलेले होते. त्या संगणकांवर केलेल्या पहिल्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका आज आमच्या महाविद्यालयांत कोणालाहि वाचतां येत नाहींत. ज्या तबकड्यांवर त्या ठेविल्या त्या घालण्यास यंत्र नाहीं. आणि एक-दोन उघडल्या त्यांत मराठीच्या जागीं नुसते चिन्हांचे किडेमकोडे निघाले, कारण त्या काळीं मराठी अक्षरें संगणकांत ठेवण्याचा ज्याचा त्याचा संकेत निराळा होता. संगणकावर आमचा राग नाहीं. हा निबंधहि आम्ही त्यावरच लिहीत आहों.

येथवर लिहिलें तें दुकानाचें झालें. पुढील हकीकत घरची असल्यामुळें ती सांगावी कीं नाहीं, याचा आम्हीं बरेच दिवस विचार केला.

आमचें गांव कऱ्हाड तालुक्यांत, कृष्णेच्या कांठीं. वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. २०११ सालीं ते गेले. घर आणि मळा यांविषयीं त्यांनीं १९८७ सालीं एक याद करून ठेवली होती, आणि ती गांवच्या घरीं पत्र्याच्या ट्रंकेंत असे. २०१९ च्या ऑगस्टांत महापूर आला, तेव्हां पाणी घरांत तीन दिवस राहिलें. थोरल्या बंधूंनीं माणसें आणि गुरें वर काढलीं, ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तों आंत कागदांचा लगदा. इतकें होईतों आम्हां दोघां भावांत कधीं वांकडा शब्द गेला नव्हता, कारण कागद आहे या भरंवशावर तो वाचण्याचें कोणासच कारण पडलें नव्हतें. कागद गेल्यावर मात्र त्यांत काय होतें हें दोघांनाहि अगदीं स्पष्ट आठवूं लागलें, आणि दुर्दैवानें निरनिराळें आठवूं लागलें. मळ्यांतील विहीर आणि तिच्या लगतचा तुकडा आपल्या वांट्यास होता, अशी आमची खात्री होती. दादांची तितकीच खात्री तो त्यांच्या वांट्यास असल्याची. पुढें तीन दिवाळ्या एका घरचा फराळ दुसऱ्या घरीं गेला नाहीं.

२०२३ च्या प्रारंभीं कुटुंबाच्या नांवांतील एका फरकासंबंधीं प्रतिज्ञापत्र करावयाचें होतें, म्हणून आम्ही अण्णांच्या बाकावर बसलों होतों. समोर फडताळांत लाल कापडाचे रुमाल रचलेले होते, प्रत्येकावर सालाची चिठ्ठी. ते आम्हीं हजार वेळां पाहिले होते. त्या दिवशीं एकाएकीं आठवलें कीं, वडील ती याद करावयास साताऱ्यासच आले होते. आम्ही तेव्हां येथें शिकत होतों. त्यांनीं आम्हांस वसतिगृहांतून बोलावून घेतलें, हातांत कंदी पेढ्यांचा पुडा दिला आणि याच ओसरीच्या पायरीवर बसविलें होतें. आंत यंत्राचा आवाज चालला होता, आणि दर ओळीच्या शेवटीं घंटा वाजत होती. आम्हीं घंटा मोजीत पेढे खाल्ले.

"अण्णा, सत्त्याऐंशी सालचा रुमाल आहे?"

"आहे. स्थळप्रत आम्ही टाकीत नाहीं." आम्हीं सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं नेहमींप्रमाणें ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "पण सर, तो कागद तुमचा नाहीं."

"वडिलांचा आहे."

"म्हणूनच म्हणतों. गुरुजींना मुलगे किती?"

"दोन."

"मग दोघे या."

आम्हांस राग आला. आम्ही कांहीं वाटेवरचे नव्हतों; तीस वर्षांची ओळख होती. ती आम्हीं आडून सुचविली. शोधण्याच्या श्रमाबद्दल वाटेल तो आकार देऊं, असेंहि बोलून गेलों, आणि बोलल्याक्षणींच परत न उघडलेलें तें पाकीट डोळ्यांपुढें आलें. अण्णांनीं प्रत्युत्तर केलें नाहीं. प्रतिज्ञापत्राचा कागद यंत्रांत सारखा करून त्यांनीं काम सुरू केलें.

दादांस दूरध्वनि करण्यास आम्हांस तीन आठवडे लागले; आणि तोहि आम्हीं केला नाहीं, कुटुंबानें वहिनींस केला. ठरल्या दिवशीं दादा पहिल्या गाडीनें आले. आम्ही गेलों तेव्हां ते बाकाच्या एका टोंकास बसले होते. आम्ही दुसऱ्या टोंकास बसलों. अण्णांनीं रुमाल काढून गांठ सोडली. नोंदवहींत तारीख होती, तरी कागद हातीं येण्यास तास गेला. मधें चहा आला तो आम्हीं तिघांनीं न बोलतां घेतला. कागद निघाल्यावर अण्णांनीं तो थोरले म्हणून दादांच्या हातीं दिला.

कार्बनची निळी अक्षरें छत्तीस वर्षांनींहि जशींच्या तशीं होतीं. दादांनीं दोनदां वाचलें. "सही नाहीं याच्यावर," ते म्हणाले. "हें बाबांचेंच कशावरून?" प्रश्न रास्त होता. आम्ही मागाहून एका वकिलास विचारलें, त्यांनींहि हेंच सांगितलें कीं, अशा कागदास कचेरींत किंमत नाहीं.

अण्णा हंसले. त्यांनीं गोदरेजच्या एका यंत्रांत कोरा कागद घातला, 'मळ्यांतील विहीर' एवढे दोन शब्द उठविले आणि तो कागद जुन्या कागदाशेजारीं ठेवला. दोन्हींकडे ळ ओळीच्या सूतभर वर उडालेला होता. "हें यंत्र मागें एकदां टेबलावरून पडलें, तेव्हांपासून असा येतो. दुसऱ्या यंत्राचा येत नाहीं." शेरलॉक होम्सनें १८९१ सालच्या एका गोष्टींत टंकलेखन यंत्राच्या झिजलेल्या अक्षरांवरून लबाड मनुष्य पकडला आहे, आणि ती गोष्ट आम्हीं वर्गांत कितीदां शिकविली आहे. पण ती विद्या प्रत्यक्ष चालतांना पाहिली ती त्या दिवशीं, आणि तीहि कोणाला पकडण्यासाठीं नव्हे.

मग कागद आमच्याकडे आला. विहीर दोघांची होती. पाण्याची पाळी दिवसाआड. लगतचा तुकडा आत्याच्या हयातीपर्यंत आत्याकडे, आणि तिच्यामागें दोघांनीं समजुतीनें घ्यावा. आत्या २००१ सालींच गेली होती. म्हणजे ज्यावरून तीन दिवाळ्या गेल्या, तें दोघांपैकीं एकाच्याहि वांट्यास नव्हतें. परंतु खालीं आणखी एक कलम होतें. धाकट्याच्या साताऱ्यांतील शिक्षणास लागलेली रक्कम थोरल्यानें शाळा सोडून मळ्यांत केलेल्या कामांतून उभी राहिली आहे, हें लक्षांत घेऊन घराच्या वांटणींत थोरल्यानें आधीं निवड करावी, असें वडिलांनीं लिहविलें होतें. हें कलम आम्हांस आठवत नव्हतें. पायरीवर बसून आम्ही ज्या घंटा मोजीत होतों, त्यांतल्या दोन-तीन त्याच ओळींच्या असल्या पाहिजेत. दादा म्हणाले कीं, त्यांनाहि तें आठवत नव्हतें. याविषयीं आमची अजून खात्री होत नाहीं.

"नकला किती करूं?" अण्णांनीं विचारलें.

"दोन," आम्ही म्हणालों.

"मुलींनाहि एकेक असूं द्या," दादा म्हणाले. त्यांना एक मुलगी आहे आणि आम्हांस एक.

अण्णांनीं चार पातळ कागद, मधें कार्बन, आणि शिवाय एक पांचवा कागद असे जुळवून, ठोकून, रुळावर चढविले. त्या यंत्रावर अजून पूर्वीं इतक्या जोरानेंच बोट मारावें लागतें. पांचव्या कागदापर्यंत ठसा पोंचावयाचा असतो. पंचाहत्तरीच्या मनुष्याच्या मनगटाला हें कितपत झेपतें, याचा आम्हीं २००४ सालच्या टिपणांत पांच पानांत कोठेंहि विचार केला नव्हता. दर ओळीस घंटा वाजत होती. दादा बाकावर थोडे अलीकडे सरकले, तें बहुधा यंत्र नीट दिसावें म्हणून.

काम झाल्यावर आकार दादांनींच दिला. आम्हांस देऊं दिला नाहीं. पांचवी प्रत अण्णांनीं चालूं सालाच्या कागदांत ठेविली, जुनी प्रत तिच्या रुमालांत घातली आणि गांठ मारली.

"अण्णा, तुमच्यामागें हें सगळें कोण पाहणार?" दादांनीं विचारलें. आम्हांस हा प्रश्न इतक्या वर्षांत विचारण्याचें धैर्य झालें नव्हतें.

अण्णांनीं वापरलेला कार्बन दोन्हीं हातांनीं उचलून उजेडाकडे धरला. त्यावर आमच्या घरच्या सगळ्या ओळी आरपार दिसत होत्या. "अजून दोन वेळां चालेल," असें म्हणून त्यांनीं तो सपाट करून खणांत ठेविला, आणि बाकावर येऊन बसलेल्या पुढच्या मनुष्यास "हं, सांगा" असें म्हटलें.